चार चाकांतला सव्वा इंच

माझ्या गॅरेजच्या पाटीवर ‘फोर व्हील ड्राइव्ह स्पेशालिस्ट’ असं लिहिलेलं आहे. सिंदी मेघेतले लोक ती पाटी वाचून वर्षानुवर्षं मला एकच प्रश्न विचारत आले. ‘काऊन मिस्तरी, तीन चाकाच्या गाडीले हात नाई लावत का?’ आधी मी समजावून सांगायचो, मग नुसतं हसायला शिकलो. आता रोजचं काम माझा जुना जोडीदार तुळशीराम आत्राम बघतो आणि मी खुर्ची टाकून सल्ले देतो, जे त्याला फारसे आवडत नाहीत. हाताशी वेळ आहे, तेव्हा पाटीचा अर्थ एकदाचा सांगून टाकतो. त्यासोबत एक कबुलीही द्यायची आहे.

गाडीला चाकं चार असली तरी इंजिन बहुतेक गाड्यांत दोनच चाकांना जोर देतं. उरलेली दोन वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती सोबत चालतात. मी शिकलो ते जुन्या जिपांवर. आत्राम तर जंगलात फिरणाऱ्या जिपांमधूनच माझ्याकडे आला. त्या जिपांत पायाशी एक दांडी असायची. चिखल लागला की दांडी ओढायची, मग पुढची चाकंही जोर लावायची. डांबरी आली की दांडी सोडायची. कोणी सोडायचं विसरलं तर वळणावर गाडी कण्हायची, अडायची, कधी आतलं काही तोडूनही ठेवायची. कारण सोपं आहे. वळताना प्रत्येक चाक वेगळं अंतर कापतं. लग्नातल्या बँडची रांग वळते तेव्हा कडेचा ढोलवाला पळत असतो आणि आतला जागच्या जागी पाय आपटतो. या दोघांना दोरीने कमरेला बांधून पाहा, म्हणजे जिपेला काय वाटत असेल ते कळेल.

वेगवान गाड्यांत ही दांडी नसते. त्या डांबरीवरच, दिवसभर, चारही चाकांनी पळतात. म्हणजे ढोलवाल्यांना बांधायचं तर आहे, पण वळणावर मोकळंही सोडायचं आहे. ही कसरत जमवायच्या तऱ्हा कंपन्यांनी वेगवेगळ्या काढल्या, आणि कोणती तऱ्हा भारी यावरून माणसं जितकी भांडतात तितकी वाटणीवरूनही भांडत नसतील. माझ्या गॅरेजात हे भांडण एका साळ्या-भाऊजीच्या रूपाने आलं.

भाऊजी म्हणजे आर्वीचे प्रकाशराव, संत्र्याचे व्यापारी. त्यांनी सेकंड-हँड लांबडी गाडी घेतली होती. तिच्या मधोमध पेचदार गिअरांची एक पेटी होती. ती कोणाला न विचारता, फक्त दात्यांच्या जोरावर, ज्या चाकांची पकड चांगली त्यांच्याकडे ताकद ढकलायची. त्यात ना वायर, ना कॉम्प्युटर. साळा म्हणजे हिंगणघाटचा संजय, कापसाच्या जिनिंगचा मालक. त्याची नवी, छोटी, डोकेफिरू गाडी. तिचं इंजिन मुळात पुढच्या चाकांना जुंपलेलं. मागच्या चाकांकडे ताकद न्यायला तेलात बुडवलेल्या पातळ गोल पत्र्यांची एक चळत होती, एकावर एक ठेवलेल्या ताटांसारखी. कॉम्प्युटर सांगेल तसा पंप ती ताटं एकमेकांवर दाबतो. घट्ट दाबली की मागची चाकं जोर लावतात, सैल सोडली की नुसती फिरतात. या सगळ्या डब्याला आम्ही कपलिंग म्हणतो.

एका सकाळी दोघंही एकदमच आले.

‘मिस्तरी, तुमीच सांगा,’ प्रकाशराव म्हणाले, ‘याची गाडी खरी चार चाकाची आहे का? दोन चाकाची गाडी अन् मांग देखाव्याले दोन.’

‘भाऊजी, तुमची गाडी म्हातारी झाली,’ संजय म्हणाला. ‘माही विचार करते, तुमची फक्त ढकलते.’

तोंडाने हा वाद मिटणार नव्हता. आमच्याकडे गावाबाहेर ले-आउट पाडून ठेवलेले असतात. प्लॉट विकलेले, घरं न झालेली, मुरुमाचे रुंद रस्ते. असा एक मोकळा ले-आउट गाठला, टँकरने पाणी मारून मुरूम ओला केला आणि दोघांना एकाच वळणावरून पाच-पाच फेऱ्या मारायला लावल्या. मी आधी एकाच्या शेजारी बसलो, मग दुसऱ्याच्या. बरंच शिकायला मिळालं.

प्रकाशरावांची गाडी वळणात पाय दिला की सगळ्या अंगाने पुढे सरकायची. कुठे झटका नाही, कुठे विचार नाही. किती ताकद कुठे जाणार हे पायालाच कळायचं. संजयची गाडी वळणात आधी नाक बाहेर काढायची, जणू सरळच जाते की काय. मग अर्ध्या क्षणाने कॉम्प्युटर जागा व्हायचा, मागची चाकं जोर धरायची आणि गाडी गपकन वळायची. पण सरळ रस्त्यावर ती हलकी, चपळ होती, पेट्रोलही कमी प्यायची. याच्या उलट बांधणीची, म्हणजे मुळात मागच्या चाकांवर चालणारी आणि गरजेपुरती पुढच्यांना हाक मारणारी एक गाडी नागपूरहून माझ्याकडे यायची. वळणावर नाचायची हौस असेल त्याने तशी घ्यावी. मी निकाल दिला की चालवणाऱ्याला रस्ता हातात जाणवायला हवा असेल तर भाऊजींची गाडी, आणि रोज वापरून अधूनमधून मस्ती करायची असेल तर संजयची. निकाल दोघांनाही आवडला नाही. यावरून तो बरोबर असावा.

‘खरी परीक्षा मातीत होईन,’ प्रकाशराव म्हणाले. ‘रोहण्याले चला, आमच्या बगीच्याच्या पांदणीनं नेऊ.’

आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. पांदण म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, आणि आमची काळी माती ओली झाली की काय होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. मी तरी त्यांना थांबवायला हवं होतं. पण मलाही पाहायचं होतं. संजयची गाडी शंभर पावलं गेली, प्रकाशरावांची एकशे दहा. टायरच्या नक्षीत माती भरून चाकं गुळगुळीत गोळे झाली आणि दोन्ही गाड्या पोटावर बसल्या. तुमच्या आत पेचदार गिअर असोत नाहीतर कॉम्प्युटर असो, जमिनीला टेकलेला असतो तो फक्त टायर. हे वाक्य मी त्या दिवशी चिखलात उभा राहून दोघांना ऐकवलं, मोठ्या रुबाबात. पुढे ते माझ्यावरच उलटणार होतं.

बाहेर काढायचा आमचा जुना उपाय म्हणजे पऱ्हाट्या. कापूस निघून गेला की उपटलेल्या झाडांचे वाळके ढीग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेले असतात. ते चाकाखाली घातले की चाकाला धरायला जागा मिळते. जिपा आम्ही असंच काढत आलो. मीच म्हटलं, ‘टाका पऱ्हाट्या.’ संजयच्या मागच्या चाकांखाली भारे घातले, त्याने पाय दिला, चाकं गरगर फिरली आणि गाडी बाहेर आली. टाळ्या पडल्या. प्रकाशरावांच्या गाडीसाठी तोवर शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर आला होता, तिला पऱ्हाट्यांची पाळी आली नाही.

दुसऱ्या दिवशी संजयच्या मागच्या दोन्ही टायरांतून हवा गेली. जिपेच्या टायरची बाजू जाड असते, या गाड्यांची पातळ. वाळक्या पऱ्हाटीचं टोक खिळ्यासारखं असतं, त्याने दोन्ही टायर बाजूने फाडले होते. तिथे पंक्चर काढता येत नाही, टायर बदलावेच लागतात.

संजयने तेव्हा मला साधा प्रश्न विचारला. ‘मिस्तरी, चारही टाकू का?’

पुढच्या टायरांची नक्षी झिजत आली होती, पण संपली नव्हती. मी म्हटलं, ‘कायले? दोन मांगं टाक. पुढचे अजून पावसाळा काढतीन.’

जिपा आणि ट्रॅक्टर यांत आयुष्य काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? चांगला टायर फेकायचा म्हणजे आम्हाला ताटातलं अन्न टाकल्यासारखं वाटतं. संजयने ऐकलं, कारण तो माझं ऐकायचा.

पाच महिन्यांनी संजय द्रुतगती मार्गाने नागपूरला चालला असताना रस्त्यात पडलेल्या लोखंडाने त्याच्या पुढच्या डाव्या टायरचे दोन तुकडे केले. या गाड्यांत जादा चाक नसतं, जागाच नसते. त्याला नागपुरात वेळेवर पोहोचायचं होतं, म्हणून किल्ली तिथल्या मदतीच्या माणसांकडे देऊन तो ओळखीच्या माणसाच्या गाडीतून पुढे गेला. गाडी माझ्याकडे आणायला क्रेन आली ती नाचणगावच्या गजाननची. गजानन माझ्या माहितीतला, शांत, कामाला नीटस माणूस. रस्त्यावरच्या बंद गाड्या ओढायला जी एजन्सी क्रेन बोलावते तिच्या यादीत त्याची एकट्याची क्रेन मोठ्या खटपटीने लागली होती, घर त्यावर चालायचं. पुढचं चाक फाटलंय म्हणून त्याने पुढची बाजू उचलली आणि मागच्या चाकांवर गाडी हळूहळू माझ्यापर्यंत आणली.

ही चूक होती. चारही चाकांवर चालणारी गाडी अशी ओढत नाहीत, पाटावर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून आणतात. पण तिच्या मागे लावलेली खूण बोटाएवढी असते, गजाननला ती दिसली नाही.

पुढचं चाक बसवून गाडी अंगणात वळवली, तर मागून दळल्यासारखा आवाज आणि समोर लाल दिवा. कपलिंग गेलं होतं. संजय दुसऱ्या दिवशी आला तो तापूनच.

‘ओढताना जाळलं त्यानं. मी त्याले फोनवर सांगतलं, तुले गाडीतलं काई समजत नाई तं हात काऊन लावतं. मिस्तरी, तुमी एक कागद लेहून द्या, काय झालं अन् कोनामुळे झालं. मी एजन्सीले देतो. असा मानूस यादीत नाई पाह्यजे.’

मी हो म्हटलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

आत्रामने कपलिंग उतरवलं, तेल काढलं. डब्यात पडलं ते तेल कसलं, डांबर. त्याने ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. आत्राम दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातलं एक तेव्हा खर्च केलं.

‘मिस्तरी, हे एका दिवसाचं नाई.’

बरोबर होतं. ओढताना इंजिन बंद असतं, पंप दाब देत नाही, ताटं सैल असतात. तशात घाईघाईने ओढून एकदम जळालं असतं तर पत्रे निळे पडले असते आणि तेल बरंचसं स्वच्छ राहिलं असतं. इथे पत्रे एकसारखे घासून गुळगुळीत झाले होते. तळाशी काळी, बारीक पूड साचली होती. महिनोन् महिने कोणीतरी ती ताटं एकमेकांवर घासत होतं.

कोण घासत होतं, ते मला पत्रे हातात असतानाच कळलं. तरी खात्री करावी म्हणून घरातून बायकोची शिलाईची टेप मागवली आणि दोन चाकांभोवती गुंडाळली, एक पुढचं उजवं, एक मागचं. झिजलेलं पुढचं चाक मागच्या नव्यापेक्षा घेरात सव्वा इंच कमी भरलं.

सव्वा इंच म्हणजे काही नाही असं वाटतं. जिपेत खरंच काही नाही, कारण डांबरीवर दांडी सोडलेली असते. पण या गाडीत लहान चाकाला प्रत्येक किलोमीटरला सात-आठ फेरे जास्त मारावे लागत होते. कॉम्प्युटरला वाटायचं की पुढची चाकं घसरत आहेत. तो बिचारा मागच्यांना मदतीला बोलवत राहायचा, ताटं दाबत राहायचा, सरळ, कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावरसुद्धा. हिंगणघाट ते नागपूर, नागपूर ते हिंगणघाट. ढोलवाल्यांना दोरीने बांधून पाच महिने चालवलं होतं, आणि दोरी मी बांधली होती.

मी टेप गुंडाळून खिशात ठेवली आणि चहा मागवला. खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो हाच की हे कोणाला कळणार नाही. आत्राम बोलणार नाही. संजयने दोष आधीच ठरवून टाकला होता. आणि या जिल्ह्यात असल्या गाड्यांसाठी लोक माझ्याकडे येतात ते एकाच गोष्टीसाठी, मिस्त्रीला कळतं म्हणून. तेच गेलं तर माझ्याकडे पाने आणि जॅक याशिवाय काय उरतं? मी कागद पुढे घेतला. तारीख लिहिली, गाडीचा नंबर लिहिला आणि तिथेच अडलो.

दुपारी गजानन आला. क्रेन लांब उभी करून चालत आला, खुर्ची दिली तरी बसला नाही.

‘मिस्तरी, संजयभाऊनं सांगतलं, तुमी कागद लेहून राह्यले.’

‘हो.’

‘माही चूक झाली. चारही चाकाची आहे हे मले समजलं नाई, मी पाह्यलं पाह्यजे होतं. तुमी जे आहे थे लेहा.’ मग म्हणाला, ‘फक्त एवढं लेहजा, का मी मुद्दाम नाई केलं.’

मी चाळीस वर्षं लोकांच्या चुका उघडून पाहिल्या. कोणाचं तेल बदललं नाही, कोणी खोटं सामान घातलं. त्या सगळ्या वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. हा माणूस न केलेलं नुकसान अंगावर घेऊन वर तेवढंच एक वाक्य मागत होता.

‘बस,’ मी म्हटलं. ‘तुह्यानं नाई झालं हे. माह्यानं झालं.’

त्याला पत्रे दाखवले, तेल दाखवलं, खिशातून टेप काढून दोन्ही चाकांना पुन्हा लावून दाखवली. तो वाकून आकडे बघत होता आणि मधूनच माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हातारा आपल्याला वाचवायला बनवून तर सांगत नाही ना, अशा नजरेने. मग त्याच्यासमोरच कागद पुरा केला. सरळ लिहिलं की मागे दोन नवे आणि पुढे दोन झिजलेले टायर ठेवायचा सल्ला माझा, नुकसान त्याने झालं. हेही लिहिलं की गाडी दोन चाकांवर ओढणं चूकच, पुढे ओढू नये, पण हे नुकसान त्याचं नाही. खाली सही केली.

संध्याकाळी संजय आला, सोबत प्रकाशराव. संजयने कागद दोनदा वाचला.

‘मी विचारलं होतं तुमाले,’ तो म्हणाला. ‘चारही टाकू का म्हनून.’

‘विचारलं होतं.’

‘तुमी नाई म्हटलं.’

‘हो. मी नाई म्हटलं.’

मी मजुरी घेणार नाही आणि सामानात माझा हिस्सा देईन, असं सांगितलं. त्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. मग तो खाली बघून म्हणाला, ‘लाइट तं दोनदा लागला होता जी. द्रुतगतीवर. चहा प्याले थांबलो, गाडी थंडी झाली, लाइट गेला. मी कोनाले सांगतलं नाई.’

‘म्हंजे दोघंही सारखेच,’ प्रकाशराव म्हणाले. त्यांनी गाड्यांवरून एक अक्षर काढलं नाही, साळ्याला हरवायची इतकी सोन्यासारखी संधी असूनही. माझ्या लेखी तो माणूस त्या दिवशी मोठा झाला.

संजय उठला, फोन काढून अंगणात गेला. समोरच्याचं मला ऐकू येत नव्हतं, याचं येत होतं. ‘गजाननभाऊ, मी संजय बोलून राह्यलो. काल मी तुमाले जे बोललो, थे वापस घेतो.’ पुढे बराच वेळ तो नुसता ‘हो’, ‘हो’ म्हणत होता. कागद त्याने एजन्सीला दिलाच, पण उलट्या कामासाठी. गजाननची क्रेन यादीत राहिली.

कपलिंगचे नवे पत्रे यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात संजय दुसरीकडे जाईल अशी मनाची तयारी केली होती. तो आला, चारही टायर नवे घेऊन, आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, ‘आता तुमीच बसवा. ही चूक आता तुमच्याच्यानं पुन्हा होत नाई.’ त्याचं म्हणणं खरं ठरलं. तेव्हापासून असली कोणतीही गाडी आली की आत्राम आधी चारही चाकांना टेप लावतो, मगच बॉनेट उघडतो. बायकोने टेप परत मागितली होती. शेवटी तिला नवी आणून दिली.

गजानन आता कोणतीही गाडी उचलण्याआधी मला फोन करतो. गाडीच्या मागे काय लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचून दाखवतो आणि मी सांगतो, पुढून उचल, मागून उचल, नाहीतर पाटावर घे. महिन्यातून दहा-बारा फोन येतात. आत्रामच्या मते माझा खुर्चीवरचा एवढाच एक सल्ला उपयोगाचा आहे.

परवा गजाननचा फोन आला. बॅटरीवर चालणारी, वाऱ्यासारखी पळणारी गाडी, पुढे एक मोटर आणि मागे एक मोटर. मधे ना दांडी, ना गिअर, ना ताटं. पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओळखतही नाहीत, फक्त कॉम्प्युटर दोघांना ओळखतो. पण ती एका बाजूने उचलून ओढली तर जमिनीवरच्या चाकांनी फिरवलेली मोटर काय करेल? मी खूप वेळ डोकं खाजवलं. पूर्वीचा मी असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं, मिस्त्रीला कळत नाही असं कोणी म्हणायला नको म्हणून.

‘गजानन,’ मी म्हटलं, ‘मले माहीत नाई. विचारून सांगतो. थांबशीन का?’

‘थांबतो ना,’ तो म्हणाला, आणि पलीकडे त्याने क्रेनचं इंजिन बंद केल्याचा आवाज मला ऐकू आला.